हमीपत्रातील बारीक अक्षरे

संगणकाचा सुटा भाग विकताना 'तीन वर्षांची हमी' हे शब्द खोक्यावर ठळक छापलेले असतात. ती हमी केव्हा लागू होणार नाही, हे मात्र आतल्या कागदावर बारीक अक्षरांत असते. भाग बिघडला की ग्राहकाची गाठ पडते ती या बारीक अक्षरांशीच.

समजा, तालुक्याच्या गावी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून पोट भरणाऱ्या एखाद्या तरुणाच्या संगणकाचा मदरबोर्ड आठव्या महिन्यात बंद पडला. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो. कंपनीचे सेवाकेंद्र पुण्यात किंवा मुंबईत. जावे तर दिवसाची मिळकत बुडते. कुरिअरने पाठवावे तर खर्च आणि जोखीम त्याचीच. तेथे सांगण्यात येते, की प्रोसेसरच्या खोबणीतील एक पिन वाकलेली आहे, सबब हमी रद्द. पिन कोठे वाकली? कारखान्यात, वाहतुकीत, की ग्राहकाच्या हातून? हे ठरवतो तो, ज्याचा नकारात फायदा आहे. आरोपीनेच न्यायासनावर बसावे, असा हा न्याय! खिडकीमागच्या कर्मचाऱ्यावर रागावण्यातही अर्थ नाही. नियम त्याने केलेले नसतात.

दावा मान्य झाला तरी प्रश्न संपत नाही. बदली भाग पुष्कळदा दुरुस्त केलेला जुनाच असतो, आणि त्याला हमी मिळते ती मूळ मुदतीतील उरलेल्या दिवसांची. हार्ड डिस्क बदलून मिळते, तिच्यातील माहिती मिळत नाही. बंद दुकानाच्या दिवसांची भरपाई तर हिशेबातच नसते. म्हणजे हमी दिली कंपनीने आणि तिची किंमत मोजली ग्राहकाने.

कायदा नाही असे नव्हे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला व तो २०२० मध्ये अमलात आला. त्यानुसार ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार गुदरता येते; पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणाराही ग्राहकच मानला जातो. तेव्हा 'तुम्ही धंद्यासाठी घेतला' एवढ्यावर आपल्या तरुणाला वाटेला लावता येणार नाही. तपासणीची गरज नसल्यास तीन महिन्यांत व असल्यास पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असेही कायदा म्हणतो. परंतु चार-पाच हजारांच्या भागासाठी इतके महिने कोण थांबणार? कंपन्यांचा भरवसा आहे तो ग्राहकाच्या या थकव्यावर.

युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने वेगळी वाट धरली. तेथे विक्रेता किमान दोन वर्षे जबाबदार असतो, आणि पहिल्या वर्षात दिसून आलेला दोष विक्रीच्या वेळीच होता, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. तसे नसल्यास ते विक्रेत्याने सिद्ध करावयाचे. प्रश्न सारा येथेच आहे: पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर? आपल्याकडे हमीची मुदत व अटी कंपनीच ठरवते आणि ओझे मात्र व्यवहारात दुबळ्याच्या पाठीवर पडते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिल्या वर्षी पुराव्याची जबाबदारी विक्रेत्याची व कंपनीची असावी. नकार सकारण व लेखी मिळावा. भाग कंपनीच्या ताब्यात असेल तितके दिवस हमीची मुदत वाढावी. ने-आण कंपनीच्या खर्चाने व्हावी.

कायदा बदलेपर्यंत स्वस्थ बसण्याचे मात्र कारण नाही. पावती जपणे, भाग देण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घेणे, तोंडी नकार न स्वीकारणे, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवणे, हे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक संध्याकाळ असे अर्ज लिहून देण्यासाठी राखून ठेवावी. एकट्याची तक्रार कंपनी फायलीत ठेवू शकते. एकाच दोषाच्या पन्नास तक्रारी एकत्र गेल्या, तर त्यांना उत्तर द्यावेच लागेल.