एकच खोली, दोघांना किल्ली

व्हॉट्सअॅपवर मित्राला फोटो पाठवायचा म्हणून तुम्ही गॅलरी उघडता. फोटो अजून निवडलेलाही नाही. तेवढ्यात कुणीतरी आधी पाठवून ठेवलेलं एक हलतं चित्र, म्हणजे जिफ, तुमच्या फोनमध्ये भलतंच काम सुरू करतं. अतिशयोक्ती वाटतेय? २०१९ मध्ये अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअॅपमध्ये अशीच त्रुटी सापडली होती. छोटी चित्रं दाखवण्यासाठी गॅलरी प्रत्येक फाइल वाचते, आणि ते वाचणंच पुरेसं होतं. पुढे २.१९.२४४ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. पण त्यामागची चूक कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये आजही सहज होऊ शकते. म्हणून आज तिच्याबद्दल.

अँड्रॉइडची अॅप्स मुख्यतः जावा किंवा कोटलिनमध्ये लिहितात. हा ‘मॅनेज्ड’ कोड. हॉस्टेलसारखा मामला! तुम्ही फक्त राहायचं, आवराआवर करायला गार्बेज कलेक्टर आहेच. सीमधला ‘अनमॅनेज्ड’ कोड म्हणजे भाड्याची खोली. घ्या, वापरा आणि सोडताना आठवणीने किल्ली परत करा. विसरलात तर खोली अडकून राहते. एकच खोली दोनदा ‘सोडली’ असं सांगितलंत, तर मोठा घोळ.

मग सी हवंच कशाला? वेगासाठी. १२ मेगापिक्सेलचा फोटो उलगडला, की प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरून ३ कोटी ६० लाख बाइट होतात. एवढा पसारा सारखा इकडून तिकडे कॉपी करायला कुणालाच परवडत नाही. म्हणून मॅनेज्ड कोड आणि सी एकमेकांना फोटो न देता फोटोचा फक्त पत्ता देतात. खरी गडबड या देवाणघेवाणीत होते.

त्या जिफचंच बघा. अॅप जावाचं, पण जिफ वाचणारी लायब्ररी सीमधली. फ्रेमचा आकार बदलला, की ती नव्या मापाची जागा मागायची. हल्ल्यासाठी बनवलेल्या जिफमध्ये एका नीट फ्रेमनंतर दोन फ्रेम शून्य आकाराच्या होत्या. ‘शून्य जागा द्या’ याचा अर्थ ‘आहे ती जागा सोडली’ असा लागला, तोही दोनदा. एकच खोली रिकाम्या खोल्यांच्या यादीत दोनदा लागली आणि पुढे दोघांना मिळाली. आता एकाने लिहिलं, की दुसऱ्याचा मजकूर बदलणार. हल्लेखोराला आणखी काय हवं?

यावर ‘मी तर सी शार्पमध्ये लिहितो, मला काय त्याचं?’ असं म्हणून चालणार नाही. तिथला कलेक्टर आवरताना वस्तूंची जागाही बदलतो. सीकडे दिलेला पत्ता तेवढ्यात जुना होऊ शकतो. म्हणून काम होईपर्यंत तो डेटा ‘पिन’ करून ठेवावा लागतो. शिवाय विंडोजच्या बिटमॅपमध्ये प्रत्येक ओळ चारच्या पटीत संपते. १००१ पिक्सेलची ओळ ३००३ नाही, तर ३००४ बाइटची. हा एक बाइट विसरलात, तर फोटो तिरका दिसतो. तो दिसतो तरी! मेमरीतली चूक महिनोन्‌महिने दिसतच नाही.

आपल्याकडे भाषा शिकवतात, पण दोन भाषांच्या मधली हद्द फारशी शिकवली जात नाही. एक लायब्ररी जोडली, डेमो चालला, मार्क मिळाले, संपलं! आमचं म्हणणं एवढंच, की फोटो हद्दीपलीकडे पाठवण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कोडमध्येच लिहून ठेवा. ही जागा कुणाची, म्हणजे ती कोण सोडणार? किती वेळ वापरायची? नेमकी केवढी? खात्री नसेल, तर सरळ कॉपी करा. थोडा वेळ जाईल, जाऊ दे. आणि टेस्ट करताना छान छान फोटोंबरोबर अर्धवट, तुटके आणि शून्य आकाराचेही द्या. सरांनी व्हायव्हात हे तीन प्रश्न विचारले, तर फारच उत्तम.

तुम्ही आज जोडलेला कोड उद्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट वाचेल, नाहीतर बँकेत कुणाचं ओळखपत्र तपासेल. येणारा प्रत्येक फोटो सरळ मनाने पाठवलेला असेलच, असं नाही. त्या जिफमध्ये तर फक्त दोन शून्यं होती.