कापलेल्या धातूचा हिशोब

धातुकामाच्या व्यवसायात कच्चा माल हा उत्पादन खर्चातील बहुधा सर्वांत मोठा घटक असतो, आणि तरीही अनेक लघु व मध्यम कारखान्यांत या मालाचा हिशोब खरेदीची बिले, स्टोअरमधील नोंदवही आणि स्टोअरकीपरची स्मरणशक्ती या तिघांच्या भरवशावर चालतो. साठा व्यवस्थापन सॉफ्टवेअर, म्हणजे मालाची आवक, जागा, वापर आणि शिल्लक यांची प्रत्येक हालचालीगणिक नोंद ठेवणारी संगणकीय प्रणाली, आता लहान वर्कशॉपच्याही आवाक्यात आली आहे. तिचे फायदे सांगताना वेळेची बचत आणि आकडेमोडीतील अचूकता यांचा उल्लेख हटकून होतो, आणि तो योग्यही आहे. परंतु धातुकामाच्या दृष्टीने खरा लाभ याहून खोलवर आहे. धातू कापला जातो त्या क्षणी त्याचे एकक, त्याचा आकार आणि त्याची ओळख ही तिन्ही एकदम बदलतात, आणि हा बदल जिथे घडतो तिथेच, म्हणजे कटिंग मशीनपाशी, नोंदवला गेला तरच सॉफ्टवेअरवर केलेला खर्च भरून निघतो.

किराणा दुकानात साखर किलोने येते आणि किलोनेच जाते. धातूचे तसे नसते. गोल बार किलोच्या भावाने विकत घेतला जातो, मिलिमीटरमध्ये कापला जातो, नगांच्या हिशोबाने मशीनवर चढतो, आणि टर्निंगमध्ये निघालेला चुरा पुन्हा किलोच्याच भावाने भंगारात जातो. मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले की पोलादी गोल बारचे दर मीटर वजन किलोत मिळते, हे पोलादाच्या ७.८५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर या घनतेवरून आलेले सूत्र या धंद्यातील माणसांच्या तोंडी असते. त्यानुसार ५० मिमी व्यासाच्या ६ मीटर बारचे वजन सुमारे ९२.६ किलो भरते. त्यातून १४० मिमी लांबीचे ३० नग काढायचे असतील, आणि फेसिंगसाठी ३ मिमी व पात्याच्या जाडीत जाणारे २ मिमी धरून प्रत्येक नगामागे १४५ मिमी खर्ची पडत असतील, तर ४,३५० मिमी बार वापरला जातो आणि १,६५० मिमी लांबीचा, सुमारे २५.५ किलोचा तुकडा उरतो. वहीत ‘५० मिमी, २५.५ किलो’ एवढीच नोंद होते. हाच माल २७५ मिमीच्या सहा तुकड्यांच्या रूपात उरला असता तरी वहीतील नोंद तीच राहिली असती. मात्र ४०० मिमी लांबीच्या शाफ्टची ऑर्डर आली तर पहिल्या स्थितीत चार शाफ्ट निघतात आणि दुसऱ्या स्थितीत एकही निघत नाही. वजनाच्या हिशोबाला हा फरक दिसत नाही, आणि पुरेसा साठा असल्याचे कागदावर दिसत असतानाही ऐन वेळी बाजारातून चढ्या भावाने बार आणण्याची पाळी येते, ती नेमकी याच आंधळेपणामुळे.

धातुकामासाठी घडवलेले सॉफ्टवेअर प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र नोंद देते: ग्रेड, आकार, लांबी, ठेवण्याची जागा आणि कोणत्या मूळ बारमधून तो निघाला हे त्या नोंदीत असते. नवी ऑर्डर आली की नवा बार फोडण्याआधी प्रणाली शिल्लक तुकड्यांची यादी पुढे ठेवते. लेझर किंवा प्लाझ्मा कटिंग करणाऱ्या कारखान्यांत हाच प्रश्न द्विमितीय होतो, कारण तिथे शीटवर भागांची मांडणी करून, म्हणजे नेस्टिंग करून, कापल्यानंतर उरणारा वापरायोग्य भाग बहुधा वेड्यावाकड्या आकाराचा असतो. २,५०० × १,२५० मिमी आकाराच्या २ मिमी जाडीच्या पोलादी शीटचे वजन सुमारे ४९ किलो असते. तिचा एक तृतीयांश भाग भिंतीला टेकून विसरला गेला तर जवळजवळ १६ किलो माल खरेदीच्या भावाऐवजी भंगाराच्या भावाने जातो. नेस्टिंगचे सॉफ्टवेअर आणि साठ्याचे सॉफ्टवेअर परस्परांशी जोडलेले असतील तर उरलेल्या भागाची आकृती आपोआप साठ्यात जमा होते आणि पुढच्या मांडणीत तोच भाग आधी वापरला जातो. यासाठी किमान किती लांबीचा तुकडा जपायचा आणि कोणता थेट भंगारात टाकायचा याचा नियम मात्र कारखान्याने स्वतः ठरवावा लागतो. प्रत्येक तुकडा जपण्याचा हव्यास धरला तर रॅक भरतात आणि शोधण्याच्या मजुरीत बचत बुडते.

तुकड्याच्या लांबीइतकीच, किंबहुना अधिक, महत्त्वाची असते त्याची ओळख. ईएन ८ आणि ईएन २४ या दोन पोलादांचे कापलेले नग शेजारी ठेवले तर डोळ्यांनी त्यांच्यातील भेद कळत नाही, पण पहिले साधे मध्यम कार्बन पोलाद आहे आणि दुसऱ्यात निकेल, क्रोमियम व मॉलिब्डेनम आहे. ईएन २४ समजून ईएन ८ चा जाड शाफ्ट तेलात विझवला तर अपेक्षित कठीणपणा गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि ईएन ८ समजून ईएन २४ पाण्यात विझवले तर तडे जाण्याचा धोका असतो. बारच्या टोकाला ग्रेडनुसार रंग लावण्याची आणि कापणी रंग नसलेल्या टोकाकडून करण्याची शिस्त यासाठीच आहे. पण ती उरलेल्या बारची ओळख जपते, कापलेल्या नगांची नाही. हीट नंबर, म्हणजे भट्टीतील ज्या एका ओतणीतून ते पोलाद बनले तिचा क्रमांक, आणि त्या ओतणीचे रासायनिक व यांत्रिक गुणधर्म नोंदवणारे टेस्ट सर्टिफिकेट, ही दोन्ही कापणीनंतरही नगांबरोबर चालत राहिली पाहिजेत. वाहन उद्योगाला पुरवठा करणाऱ्यांना लागू असलेल्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकात मागोवा घेता येण्याची, म्हणजे तयार भागापासून मूळ मालापर्यंत उलट जाता येण्याची, अपेक्षा स्पष्टपणे मांडलेली आहे. एखाद्या हीटमध्ये दोष निघाल्यास त्या हीटमधून नेमके कोणते नग बनले, त्यांपैकी किती स्टोअरमध्ये आहेत, किती मशीनवर आहेत आणि किती कोणत्या चलनाने रवाना झाले हे सॉफ्टवेअर तत्काळ सांगू शकते. ही माहिती नसेल तर शंकेपोटी महिन्याभराचे उत्पादन परत मागवावे लागते आणि तोटा कित्येक पटींनी वाढतो.

साठा किती ठेवावा हा प्रश्नही धातुकामाच्याच दुनियेत प्रथम शास्त्रीय रीतीने सोडवला गेला. १९१३ मध्ये फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने ‘फॅक्टरी’ या व्यावसायिक मासिकात एका खेपेला किती भाग बनवावेत याचे सूत्र मांडले, ज्यात मशीनची जुळणी करण्याचा खर्च आणि माल साठवून ठेवण्याचा खर्च यांचा तोल साधला जातो. पुढे १९५१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधील एच. फोर्ड डिकी यांनी एबीसी विश्लेषण, म्हणजे एकूण मूल्याचा मोठा वाटा उचलणाऱ्या मोजक्या वस्तूंवर अधिक लक्ष देण्याची पद्धत, रूढ केली. आणि जोसेफ ऑर्लिकी यांनी तयार वस्तूच्या मागणीवरून प्रत्येक सुट्या भागाची व कच्च्या मालाची गरज कालावधीवार काढण्याचे तंत्र संगणकावर विकसित करून १९७५ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. ही तिन्ही तंत्रे आजच्या सॉफ्टवेअरमध्ये अंतर्भूत असतात. त्यांचा उपयोग मात्र प्रत्येक भागाला किती मिलिमीटर माल लागतो, जुळणीत किती नग वाया जातात आणि पुरवठादार ऑर्डरनंतर किती दिवसांनी माल देतो ही पायाभूत माहिती खरी असण्यावर अवलंबून असतो. ही माहिती खरी असेल तर प्रणाली पुनर्मागणी पातळी, म्हणजे शिल्लक किती उरल्यावर नवी ऑर्डर द्यायची ती मर्यादा, प्रत्यक्ष वापरावरून काढून देते, आणि मालक घाबरून जास्त भरणा करण्याच्या किंवा ऐन वेळी तुटवडा सोसण्याच्या फेऱ्यातून सुटतो.

भोसरी, शिरोली, सातपूर किंवा वाळूज अशा औद्योगिक वसाहतींत एकच भाग अनेक शेडमधून फिरत पूर्ण होतो: एकीकडे टर्निंग, दुसरीकडे हीट ट्रीटमेंट, तिसरीकडे ग्राइंडिंग, चौथीकडे प्लेटिंग. या फिरत्या मालाचा हिशोब हा या व्यवसायातील सर्वांत नाजूक भाग आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कसाठी कर न भरता पाठवलेला कच्चा वा अर्धवट माल एका वर्षाच्या आत परत यावा किंवा तिथूनच पुढे पुरवला जावा लागतो. तसे न झाल्यास तो पाठवल्या दिवशीच विकला गेला असे मानून कराची जबाबदारी येते. समजा, प्लेटिंगला ५०० नग गेले, ४८० परत आले आणि १२ नाकारले गेल्याचे कळवले गेले, तर उरलेले ८ नग कोणाच्या खाती आहेत हे चार महिन्यांनी चलनांच्या गठ्ठ्यातून शोधणे जवळजवळ अशक्य होते. सॉफ्टवेअरमध्ये जॉबवर्करची शेड हीच साठ्याची एक जागा म्हणून नोंदवली की प्रत्येक चलनाची शिल्लक आणि तिचे वय रोज दिसते. जॉबवर्करच्या बाजूनेही हे तितकेच मोलाचे आहे, कारण ग्राहकाचा माल, ग्राहकाचे डाय व फिक्श्चर आणि स्वतःचा माल यांची सरमिसळ हे उभयतांतील बहुतेक तंट्यांचे मूळ असते.

आर्थिक बाजू तर उघडच आहे. वस्तू व सेवा कर नियमावलीतील नियम ५६ करदात्याकडून आरंभीची शिल्लक, आवक, जावक आणि उरलेला साठा यांच्यासह हरवलेल्या, नष्ट झालेल्या मालाची आणि भंगाराचीही नोंद अपेक्षितो. लेखा मानक २ नुसार साठ्याचे मूल्य त्याचा खर्च आणि त्यातून प्रत्यक्ष वसूल होऊ शकणारी रक्कम यांपैकी जे कमी असेल तेच धरावे लागते. कॅश क्रेडिट खात्यावर किती रक्कम उचलता येईल हेही बँकेला दिलेल्या साठा विवरणावरून ठरते. वर्षानुवर्षे न हललेल्या तुकड्यांना खरेदीचा भाव लावून तयार केलेले विवरण बँकेची दिशाभूल करतेच, पण त्याहून अधिक ते खुद्द मालकाची करते, कारण रॅकवर अडकलेला पैसा त्याला खेळते भांडवल वाटू लागतो. मालाच्या वयानुसार यादी काढण्याची सोय हा म्हणूनच सॉफ्टवेअरचा सर्वांत प्रामाणिक अहवाल म्हणावा लागेल. कार्बाइड इन्सर्टसारख्या साधनांनाही हाच न्याय लागू होतो: सीएनएमजी प्रकारच्या दुहेरी बाजूच्या इन्सर्टला चार कडा असतात, आणि डबे किती गेले याऐवजी एका कडेमागे किती नग निघाले हे नोंदवले गेले तर अर्धवट वापरून फेकलेले इन्सर्ट आणि चुकीची कटिंग गती ही दोन्ही उघडकीस येतात.

असे असूनही अनेक कारखान्यांत विकत घेतलेले सॉफ्टवेअर सहा महिन्यांत केवळ बिले छापण्याचे साधन होऊन बसते. याचे मुख्य कारण म्हणजे नोंद करण्याचे काम हिशोबाच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाकडे असते आणि माल हलतो शॉप फ्लोअरवर. दिवसाअखेरी स्लिपांवरून केलेल्या नोंदी सकाळच्या वस्तुस्थितीशी जुळत नाहीत, आणि एकदा संगणकातील आकडा खोटा ठरला की कामगार पुन्हा स्वतःच्या डोळ्यांवर विसंबू लागतात. यावरचा उपाय नोंद सोपी करून ती बँडसॉच्या शेजारी आणणे हाच आहे. मासाहिरो हारा यांनी जपानमधील डेन्सो या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत १९९४ मध्ये क्यूआर कोड घडवला तो कारखान्यातील भागांचा माग ठेवण्यासाठीच. बारला आणि तुकड्यांच्या ट्रेला अशी चिठ्ठी लावून साध्या मोबाइलने कापणीनंतर नगांची संख्या व उरलेली लांबी भरता आली, आणि पडद्यावरील सूचना मराठीत असल्या, तर ऑपरेटरला त्यासाठी अर्धे मिनिटही पुरते. तेल आणि कुलंटमध्ये कागदी चिठ्ठी टिकत नसेल तर धातूचा बिल्ला वापरावा, पण तुकडा अनामिक राहू देऊ नये.

सुरुवात सर्व मालापासून करण्याचा आग्रहही घातक ठरतो. मूल्याने सर्वांत वरच्या वीस-पंचवीस वस्तू निवडून त्यांचे प्रत्येक नगाचे माप घ्यावे, दर आठवड्याला त्यांतील काहींची प्रत्यक्ष मोजणी करून संगणकातील आकड्याशी ताडावी, आणि फरक आढळल्यास आकडा गुपचूप दुरुस्त करण्याऐवजी फरकाचे कारण लिहून ठेवावे. त्या कारणांच्या यादीतूनच चुकीचा वजनकाटा, नोंद न झालेले रिजेक्शन, मापापेक्षा जाड कापणी किंवा पुरवठादाराकडून आलेली कमी लांबी हे दोष हाती लागतात. सॉफ्टवेअर निवडताना विक्रेत्याला मोजके प्रश्न विचारावेत: एकाच मालाची नोंद किलो, मिलिमीटर आणि नग या तिन्ही एककांत ठेवता येते का, प्रत्येक धातूची घनता स्वतंत्रपणे भरता येते का, तुकडा कापल्यावर हीट नंबर त्याच्याबरोबर आपोआप जातो का, जॉबवर्कच्या चलनांची शिल्लक वयासह दिसते का, आणि उद्या विक्रेता बदलायचा झाल्यास सर्व माहिती सरळ बाहेर काढता येते का. कारखान्यातील एक खरी ऑर्डर घेऊन, बार फोडण्यापासून चुरा विकण्यापर्यंतचा तिचा सर्व प्रवास प्रात्यक्षिकात करून दाखवण्यास सांगितले तर उत्तरे लपत नाहीत.

भाव ठरवताना मोठ्या ग्राहकापुढे लघुउद्योजकाचे फारसे चालत नाही, पोलादाचे दर त्याच्या हाती नसतात आणि वीज व मजुरी वाढतच जाते. स्वतःच्या शेडमधील धातूचा प्रत्येक तुकडा कुठे आहे आणि तो कशाचा आहे हे जाणणे मात्र पूर्णपणे त्याच्या हाती आहे. या आर्थिक वर्षाच्या अखेरच्या साठा मोजणीत प्रत्येक कारखान्याने किलोच्या रकान्याशेजारी लांबी, हीट नंबर आणि वय असे तीन रकाने वाढवावेत. ते भरताना जी माहिती सापडणार नाही, तीच सॉफ्टवेअरकडून नेमके कोणते काम करून घ्यायचे हे ठरवून देईल.