काठावरून ठरते काठी

भिगवणच्या मासळी बाजारात सकाळी लिलाव रंगात येतो तेव्हा समोर चिलापीचे ढीग असतात, रोहू-कटल्याचे क्रेट असतात, एखाद्या पाटीत वामी वेटोळं करून पडलेल्या असतात. हा सगळा जाळ्याचा माल. हौशी माणसाच्या गळाला लागलेला मासा लिलावात येत नाही. तो पिशवीतून थेट घरी जातो, तोही वाटेत चार जणांना दाखवून झाल्यावर.

हे चार जण दोन प्रश्न हमखास विचारतात. कशावर लागला? आणि काठी किती फुटी? पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर सहसा कुणी देत नाही. दुसऱ्याचं मात्र छाती फुगवून दिलं जातं: ‘बारा फुटी!’ बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात लांब काठीचं मोठ्या ट्रॅक्टरसारखं झालं आहे. रान दोन एकर असलं तरी दारात उभा ट्रॅक्टर पंचावन्न हॉर्सपॉवरचा हवा. पण भीमेवरच्या उजनी धरणाच्या पाण्यावर रीळ लावलेली बारा फुटी काठी ही बहुतेकांची फसलेली खरेदी असते. एरवी व्यवहारात पक्की असलेली माणसं इथेच का फसतात, हे पाहण्यासारखं आहे.

या गोंधळाचं थोडं मूळ मोबाइलवर आहे. काठी घ्यायची म्हणून माहिती शोधली की समोर येतात अमेरिकेतले बास माशाचे व्हिडिओ. हा मासा भीमेत नाही. पण त्याच्याभोवती तिकडे केवढा तरी धंदा उभा राहिला आहे. रे स्कॉट नावाच्या विमा विक्रेत्यानं 1967 साली आर्कान्सातल्या बीव्हर सरोवरावर बासची स्पर्धा भरवली आणि गळ टाकून बसण्याचा रिकामटेकडा उद्योग बघता बघता बक्षिसांचा खेळ झाला. त्या काळात तिथल्या काठ्या आखूड असत, साडेपाच-सहा फुटांच्या. मग कॅलिफोर्नियाचा डी थॉमस आला. तो लव्हाळ्यात बारा फुटी काठी घेऊन उतरायचा, अलगद गळ सोडायचा आणि मासा वर उचलायचा. इतरांनी ओरड केली. आयोजकांनी लांबीवर मर्यादा घातली. त्यातून साडेसात फुटी काठी पुढे आली आणि आज तिकडे सात फुटांच्या आसपासची काठी घरोघरी दिसते.

म्हणजे जो आकडा आपण व्हिडिओत पाहून पाठ करतो, तो एका खेळाच्या नियमांतून, नावेत उभं राहण्याच्या सवयीतून आणि तिकडच्या लव्हाळ्यातून घडलेला आहे. इंदापूरच्या चिखलाशी त्याचा संबंध नाही.

एका माशापुरता मात्र आहे. तो मासा म्हणजे मरळ. आपल्या पाण्यात बासचा जवळचा स्वभावबंधू कोण, असं विचारलं तर मरळीचंच नाव घ्यावं लागेल. तीही पाणकणसाच्या आणि जलपर्णीच्या आडोशाला दबा धरून बसते. तीही बेडकावर आणि लहान माशांवर झडप घालते. दोघंही पिल्लं राखतात. फरक इतकाच की मरळ हवा घ्यायला वर येते. पाण्यावर हलकासा बुडबुडा फुटतो आणि जाणकाराला तिची जागा कळते. तिच्यासाठी रबरी बेडूक फेकतात. जलपर्णीच्या पानांवरून तो टुणटुण ओढत आणायचा. एकदम पाणी फुटतं आणि बेडूक गायब होतो. नवखा त्याच क्षणी काठी खेचतो आणि रिकामा बेडूक त्याच्या तोंडावर येऊन आदळतो. मुरलेला माणूस मनात एक-दोन म्हणतो, दोरी ताठ झाली का पाहतो आणि मग हिसका देतो.

हा हिसका देण्यासाठी काठी किती लांब हवी? इथे शाळेतली भूमिती कामाला येते. सहा फुटी काठी नव्वद अंशांत फिरवली तर तिचं टोक सुमारे साडेआठ फूट सरकतं. सात फुटीचं सरकतं जवळपास दहा फूट. दोरी सैल असेल, मासा लांब असेल, तर हा दीड फूट फार मोलाचा असतो. मग बारा फुटी घेतली तर टोक सतरा फूट सरकेल की! सरकेल, पण मनगटाचं काय? काठी ही तरफ आहे आणि या तरफेत आखूड बाजू माणसाकडे आहे, लांब बाजू माशाकडे. दीड किलोची मरळ जलपर्णीत शिरून बसली की बारा फुटी काठीच्या मुठीवर येणारा ताण सहा फुटीच्या जवळपास दुप्पट होतो. काठी वाकते तेव्हा तो थोडा कमी होतो, हे खरं. पण वाकणाऱ्या काठीनं मरळ गवतातून ओढून निघत नाही. म्हणून तिच्यासाठी साडेसहा ते सात फूट, टोकाला चपळ आणि बुडाला दणकट. व्हिडिओतला आकडा इथे बरोबर येतो, पण मरळीमुळे.

बाकी उजनीचा हिशोब निराळा आहे, कारण उजनीचा काठ एका जागी राहत नाही. 1980 साली पूर्ण झालेल्या या धरणाची साठवण सुमारे 117 टीएमसी. त्यातला निम्म्याहून अधिक भाग मृत साठ्याचा. त्यामुळे सोलापूर-इंदापूरकडच्या माणसाला ‘उणे पाणीसाठा’ हा शब्द पोटातल्या गोळ्यासारखा ओळखीचा आहे. भाद्रपदात धरण भरलेलं असतं तेव्हा पाणी बाभळींच्या बुंध्यांपर्यंत, उसाच्या बांधापर्यंत येतं. वैशाखात तोच काठ कितीतरी मागे गेलेला असतो. मध्ये भेगाळलेला गाळ, शिंपल्यांचा चुरा आणि शेतकऱ्यांनी पाण्यामागे धावत नेलेले मोटारींचे पाइप. पळसदेवला पाण्यात गेलेलं पळसनाथाचं दगडी देऊळ अशाच उन्हाळ्यात वर येतं आणि लोक चालत दर्शनाला जातात.

आता सांगा, या दोन काठांवर एकच काठी कशी चालेल?

भाद्रपदात बाभळीखाली उभं राहून बारा फुटी काठी मागे घेतली की पहिला मासा लागतो तो फांदीला. गळ, शिसं आणि निम्मा तंगूस झाडावर. काट्यांतून तो सोडवायला वर चढणारेही आहेत, त्यांना दंडवत. अशा वेळी सहा फुटी काठी, हात खाली, मनगटाचा झटका, आणि गळ पाण्यालगत सरळ जाऊन दोन बाभळींच्या मधल्या गाळ्यात पडला पाहिजे. आखूड काठीचा नेम असा असतो. वैशाखात उलटं. उतार इतका सपाट की बराच आतपर्यंत गुडघाभर पाणी, आणि रोहू-कटला त्यापलीकडे. पेंडीचा जड गोळा तिथवर पोचवायचा तर नऊ-दहा फुटी काठी, दोन्ही हातांनी, खांद्यावरून. मागे झाड नाही, वर फांदी नाही. तिथे लांबी खरंच उपयोगी पडते. शिवाय लांब काठी दोरी पाण्यापासून उंच धरते, आणि पश्चिमेचा वारा लाटा उठवत असला की एवढ्यानंही फरक पडतो.

आणखी एक गोष्ट उजनीलाच लागू आहे. या पाण्याखाली गावं आहेत. जुन्या घरांचे चौथरे, विहिरींचे कठडे, तोडून उरलेले बुंधे. आडोसा असतो म्हणून मासे तिथेच राहतात, आणि गळही तिथेच अडकतात. धरणात घर गेलेल्या पिढीतला एखादा म्हातारा काठावर असेल तर तो पाण्याकडे बोट दाखवून सांगतो: तिथं आमचा वाडा, तिथं चावडी, तिथं गळ टाकू नको. महागड्या यंत्रावर पाण्याचा तळ पाहणाऱ्यांनी हा माणूस शोधावा. अडकलेला गळ सोडवायचा तर ओढायचं नाही. बाजूला चालत जाऊन दोरीचा कोन बदलायचा. लांब काठी असेल तर दोन पावलं कमी चालावं लागतं, इतकाच तिचा इथला फायदा.

बारामतीकडे आलं की पाण्याचा स्वभावच बदलतो. कऱ्हेत पाणी असेल तेव्हा डोह असतात, नाहीतर दगड. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन चालू असताना धार जोरात, काठ निसरडा. तिथे हौसेनं जाऊच नये, कारण पडलेल्या माणसाला धरायला कालव्यात काही नसतं. उरली शेततळी. प्लॅस्टिकचा कागद घातलेल्या तळ्यात रोहू सोडलेले असतात आणि मालक ओळखीचा असतो. तळं एवढंसं, त्यात सात फुटी काठी जोरात फेकली तर गळ पलीकडच्या डाळिंबात जातो. तिथे पाच-सहा फूट पुष्कळ झाले. जपायचं एकच, गळ कागदात रुतू द्यायचा नाही. एका भोकापायी तळं रिकामं झालं तर ओळख संपते.

मग खरी बारा फुटी काठी कुणासाठी? गंमत इथेच आहे. सगळ्यांत लांब काठी लागते ती सगळ्यांत लहान माशासाठी, चिलापीसाठी. पाणी उतरलं की गाळात ताटलीएवढे गोल खड्डे उघडे पडतात, ती चिलापीच्या नरांनी उकरलेली घरटी. यावरून कळतं की ती काठालगत, उथळात, गवताच्या कडेला असते. तिथे फेकाफेकी नको, रीळही नको. दहा-बारा फुटी बांबू, टोकाला काठीएवढाच तंगूस, ज्वारीच्या धाटाच्या गराचा तरंगता तुकडा, बारीक गळ आणि गांडूळ किंवा कणकेची गोळी. काठी नुसती पुढे करायची आणि गळ गवतापलीकडे आवाज न करता सोडायचा. धाटाचा तुकडा दोनदा थरथरला, मग आडवा झाला, की मनगट उचलायचं. डी थॉमस कॅलिफोर्नियात याहून वेगळं फारसं काही करत नव्हता.

हा बांबू निवडणं हीसुद्धा कला आहे. पोकळ बांबू हलका, पण पेरावर चिरतो. भरीव बांबू जड, पण टिकतो. पेरं जवळजवळ हवीत, टोक करंगळीपेक्षा बारीक हवं. तोडल्यावर सावलीत वाळवायचा, वाकडा असेल तिथे जाळावर शेकून सरळ करायचा. उन्हात टाकलेला बांबू तडकतो. तंगूस नुसता टोकाला बांधायचा नाही, दोन-तीन पेरं खालपासून गुंडाळत न्यायचा. टोक मोडलं तरी मासा दोरीला राहतो. या भागाला गळाची विद्या काही अमेरिकेनं शिकवलेली नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला, त्यात ‘मत्स्यविनोद’ असं गळानं मासे धरण्याचं स्वतंत्र प्रकरण आहे. कोणत्या माशाला काय खायला घालावं, इथपर्यंत राजानं लक्ष घातलं आहे.

लांब काठीबद्दल एक इशारा मात्र गंभीरपणे द्यायला हवा. आजच्या बहुतेक चांगल्या काठ्यांत कार्बन असतो आणि कार्बनमधून वीज वाहते. उजनीच्या काठावर उपशाच्या मोटारींसाठी तारांचं जाळं आहे. काही ठिकाणी त्या लोंबतात, काही ठिकाणी पाणी उतरेल तशी केबल जमिनीवरून पुढे सरकवलेली असते. माणूस साडेपाच फुटांचा, वर उचललेला हात आणि त्यापुढे बारा फूट कार्बन. हिशोब करायला वेळ लागत नाही. ओली काठी, ओला गाळ आणि वर तार, अशा जागी उभंच राहू नये. दुकानदार हे सांगत नाहीत. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण तो डबा घरी राहतो.

दुकानात आणखी एक घोळ असतो. काठीवर 2.1 लिहिलेलं असेल तर ती सात फुटांची, 2.7 असेल तर नऊच्या जरा आत, 3.6 म्हणजे बाराच्या आसपास. हे मीटर आहेत. दिवाणखान्यात ताणून दाखवलेली फोल्डिंगची काठी सुंदर दिसते, मोटरसायकलवर सहज मावते, पण तिच्या सांध्यात उजनीचा बारीक गाळ शिरला की ती मिटत नाही, आणि जोर लावला की सांध्यातच मोडते. दोन तुकड्यांची सात फुटी काठी एसटीच्या सीटखाली जाते आणि वर्षानुवर्षं टिकते. पहिलीच काठी घेणाऱ्यानं ती घ्यावी. तिच्यानं मरळ होते, नावेतून शिंगाळा होतो, आणि वैशाखातला रोहू थोडा अवघड जाईल एवढंच. चिलापीसाठी बांबू आहेच, त्याला पैसे पडत नाहीत.

गळ टाकण्याआधी त्या पाण्यावर मासेमारीचा हक्क कुणाचा आहे, हेही विचारून घ्यावं. जलाशयावर भोई-कोळी कुटुंबांची पोटं चालतात आणि लहान आसाच्या जाळ्यांनी पिल्लं संपत चालल्याचं त्यांचं गाऱ्हाणं जुनं आहे. पावसाळ्यात मरळीच्या पिल्लांचा तांबडा पुंजका पाण्यावर फिरताना दिसला तर त्याखाली आई-बाप असतात आणि ते समोर पडेल त्या बेडकावर तुटून पडतात. ती मरळ हमखास लागते. ती काढली की पुंजका त्याच दिवशी इतर माशांच्या पोटात जातो. अशा वेळी काठी किती फुटी आहे याला महत्त्व नाही, ती खांद्यावर घेऊन पुढच्या जागेकडे चालू लागावं. तुटलेला तंगूसही खिशात घालून न्यावा. कुंभारगावच्या उथळात थंडीत रोहित पक्षी उतरतात, तो त्यांच्या पायांत गुंततो, आणि त्यांचे पाय काही काठीएवढे जाड नसतात.

आणि भिगवणहून परतताना पिशवी रिकामी असली, तर बाजारात चिलापी मिळतेच. ती घेताना दुकानदाराला फक्त सांगावं, खवले काढू नका. घरी गळाची म्हणून दाखवायची आहे.