मन म्हणतंय... पण कशावरून?

'असं आतून वाटतंय यार!' होस्टेलमध्ये ज्या वाक्यापुढे कुठलाही वाद टिकत नाही, असं हे एकमेव वाक्य असावं. कोअर सोडून आयटीत जायचंय, गेटचा क्लास लावायचाय, चौघांनी मिळून धंदा काढायचाय, कुणाला तरी एकदाचं 'विचारायचंय'... कारण काय, तर आतून वाटतंय! समोरचा गप्प. आतून वाटतंय म्हटल्यावर बाहेरच्याने बोलायचं तरी काय?

पण गंमत बघा. हेच वाक्य व्हायवाला चालत नाही. बीमची खोली एवढीच का धरली, यावर 'सर, आतून वाटलं' असं उत्तर देऊन बघा! पुढचा प्रश्न ठरलेला, 'कशावरून?' बीमच्या बाबतीत हा प्रश्न आपण निमूट मान्य करतो आणि स्वतःच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या बाबतीत मात्र तो विचारणाऱ्याला अरसिक ठरवतो. हा कुठला न्याय?

आता लगेच दुसरं टोकही गाठायला नको. 'आतला आवाज वगैरे सब झूठ, आकडे काय ते बोला' म्हणणारेही आपल्याकडे कमी नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे, की आतला आवाज कमवावा लागतो. ज्या बाबतीत तो कमावलाय तिथे त्याच्यावर खुशाल विसंबा. जिथे कमावलेला नाही, तिथे तो बहुतेक वेळा आपला नसतोच. कधी भीतीचा असतो, कधी हावेचा, तर कधी शेजारच्या रूममधल्याचा!

कमावलेला म्हणजे काय? डोंबिवली स्टेशनवर सकाळी आठ वाजता उभे राहा. वीस वर्षं लोकलने जाणारे काका प्लॅटफॉर्मवर एका ठराविक जागी उभे असतात. गाडी येते आणि डब्याचं दार बरोब्बर त्यांच्यासमोर थांबतं. आज गर्दीचा रंग बरा दिसत नाही, ही गाडी सोडायची, उलटं कल्याणला जाऊन बसून यायचं, हे ते इंडिकेटरकडे न बघता ठरवतात. विचारलं तर म्हणतील, 'अहो, कळतं ते!' यात चमत्कार काही नाही. वीस वर्षं रोज परीक्षा आणि रोज पाच मिनिटांत निकाल. चुकलं की लोंबकळत जावं लागतं, त्यामुळे धडा पक्का!

१९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे हर्बर्ट सायमन यांचं मत हेच होतं. अंतःप्रेरणा म्हणजे ओळख पटणं. आपण पाहिलेल्या शेकडो प्रसंगांपैकी एखादा समोर आला की मन त्याला ओळखतं आणि उत्तर पुढे करतं. कसं ओळखलं हे मात्र सांगता येत नाही, म्हणून ते गूढ वाटतं. आपल्या वर्कशॉपमधल्या मामांना लेथच्या आवाजावरून टूल बोथट झाल्याचं कळतं ना, तसंच.

गॅरी क्लाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आगीच्या बंबावरच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. त्यातला एक किस्सा प्रसिद्ध आहे. एका घराच्या स्वयंपाकघरात आग लागलेली. जवान आत शिरून पाणी मारतायत. अचानक त्यांच्या अधिकाऱ्याला काहीतरी विचित्र वाटलं आणि त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. क्षणात ते उभे होते ती जमीन खचली! खरी आग खाली तळघरात होती. अधिकाऱ्याला वाटलं, आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे. क्लाइनने खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं की पाणी मारूनही आग दबत नव्हती, खोली नको तितकी गरम होती आणि एवढ्या आगीच्या मानाने आवाज फारच कमी होता. म्हणजे 'कशावरून'चं उत्तर होतं. फक्त ते अधिकाऱ्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

याउलट, मन आपल्याला कसं फसवतं याचा जन्मभर अभ्यास केला तो डॅनिएल कानेमन यांनी. त्यांनाही २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हे दोघे म्हणजे दोन विरुद्ध पक्षांचे वकील. पण २००९ साली दोघांनी मिळून एक निबंध लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं एकमत झालं. पहिली, त्या क्षेत्रात काही नियमितपणा हवा. दुसरी, भरपूर सराव हवा आणि चूक की बरोबर हे वेळेवर कळायला हवं. आणखी एक गोष्ट ते बजावून सांगतात. एखाद्याला किती खात्री वाटते, यावरून त्याचं बरोबर आहे की नाही हे ठरत नाही.

या दोन अटी आता आपल्या निर्णयांना लावून बघा. ब्रँच आपण आयुष्यात एकदाच निवडतो आणि त्याचा निकाल चार वर्षांनी लागतो. सराव शून्य! नोकरी की एमएस, धंदा की सरकारी परीक्षा, लग्न कुणाशी... सगळीकडे तेच. दर दोन-चार वर्षांनी हवा बदलते आणि हवेबरोबर आपलं 'आतून वाटणं'ही बदलतं. मग ते आतलं कसलं?

'पण धंदा करणाऱ्यांनी असाच विचार केला असता, तर एकही कारखाना उभा राहिला नसता!' असं कुणीतरी म्हणणारच. म्हणून आपल्याच डोंबिवली एमआयडीसीत ज्यांचा कारखाना आहे, त्या विकोचं उदाहरण घेऊ. १९५२ साली केशव विष्णू पेंढरकरांनी हा उद्योग सुरू केला. सुरुवात दंतमंजनापासून आणि विक्री दारोदार फिरून. पुढे त्यांचे चिरंजीव गजानन पेंढरकर धंद्यात आले, ते औषधनिर्माणशास्त्राचं शिक्षण घेऊन. १९७५ साली विकोने हळदीचं क्रीम बाजारात आणलं. बाजारात पांढऱ्या क्रीमचं राज्य असताना पिवळं क्रीम! चेहऱ्याला लावून बाहेर पडायचं कुणी? कागदावर मांडलं असतं तर बेत पहिल्याच पानावर बाद झाला असता. तरी त्यांनी तो केला आणि तो चालला. पुढे १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' मालिका प्रायोजित करून विको घराघरात पोहोचलं.

याला आतला आवाज म्हणायचं असेल तर जरूर म्हणा. पण त्यामागे काय होतं तेही बघा. दारोदार माल विकणाऱ्याला गिऱ्हाईक तोंडावर दार लावून निकाल सांगतं. त्याच्यासाठी याहून चांगली शाळा नाही. शिवाय औषधांचं शिक्षण घरात आणि हळद तर हळदी समारंभापासून प्रत्येक मराठी घराच्या ओळखीची. म्हणजे दोन्ही अटी पूर्ण! आपण काय करतो? त्यांची तेवीस वर्षांची पायपीट वगळतो आणि फक्त शेवटची उडी उचलतो. रूमवर बसून, एकही गिऱ्हाईक न भेटता!

नुसत्या 'वाटण्या'वर पैसे टाकले की काय होतं, हेही आपल्याच गावाने पाहिलंय. ऑक्टोबर २०१९ मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर डोंबिवली आणि ठाण्यातल्या गुडविन ज्वेलर्सच्या दुकानांना कुलपं लागली. सोन्याच्या योजनांमध्ये आणि ठेवींमध्ये पैसे ठेवलेली माणसं पोलीस ठाण्यात धावली. डिसेंबरमध्ये मालक बंधूंना अटक झाली. पैसे ठेवणारे काही मूर्ख नव्हते. मुलीच्या लग्नासाठी पै-पै जमवणारी, हिशेबाची पक्की माणसं. पण झगमगीत दुकान, ओळखीचे चेहरे, शेजाऱ्यांचीही ठेव... मनाला 'सुरक्षित' वाटायला एवढं पुरतं. मनाने दुकान ओळखलं होतं. ताळेबंद त्याला कधी कुणी दाखवलाच नव्हता!

आता याच्या अगदी उलट प्रसंग, आपल्या धंद्यातला. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेत चॅलेंजर यानाच्या रॉकेटवर काम करणारे रॉजर बॉइसजोली आणि त्यांचे सहकारी इंजिनिअर जीव तोडून सांगत होते, एवढ्या थंडीत उड्डाण करू नका. रबरी ओ-रिंग थंडीत कडक होते आणि सांधा गळतो, हे त्यांनी आधीच्या उड्डाणांच्या अवशेषांत स्वतः पाहिलं होतं. पण नेमक्या कुठल्या तापमानाला धोका सुरू होतो, हे आकड्यात सिद्ध करा म्हटल्यावर तेवढी माहिती हाताशी नव्हती. दुसऱ्या दिवशी यान उडालं आणि ७३ सेकंदांत सात जण गेले.

इथे आतला आवाज कमावलेला होता आणि तरी तो हरला. यातून आपण काय घ्यायचं? मला दोन गोष्टी दिसतात. एक, 'हो' आणि 'नको' यांना एकाच तराजूत तोलू नये. जाणत्या माणसाचं मन 'नको' म्हणालं तर थांबावं, कारण थांबल्याने फार तर उशीर होतो. मन 'हो' म्हणालं तर आधी तपासावं. आपल्या आजूबाजूला केमिकलचे कारखाने आहेत, उद्या आपल्यातले कितीतरी जण तिथे शिफ्टला उभे राहतील. रिअ‍ॅक्टरजवळचा जुना ऑपरेटर 'साहेब, आज काहीतरी वेगळं वाटतंय' म्हणाला, तर त्याच्याकडे पुरावा मागत बसू नका. आधी थांबवा! दुसरी गोष्ट, शंका आली त्याच दिवसापासून तिची मोजमापं घ्यायला लागावं. ऐन वेळी आकडे सापडत नाहीत.

राहता राहिले आयुष्याचे निर्णय. तिथे सराव नाही, वेळेवर निकाल नाही, मग करायचं काय? याचं उत्तर मला कल्याणात जन्मलेल्या एका मुलीकडे सापडतं. आनंदीबाई जोशी. जन्म १८६५ चा, लग्न नवव्या वर्षी, चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायला अमेरिकेत जायचं ठरलं तेव्हा चहूबाजूंनी टीका सुरू झाली. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूर इथे त्या भर सभेत बोलायला उभ्या राहिल्या. वय अठराला थोडं कमी, म्हणजे आपल्या एफईच्या मुलींएवढं! त्यांनी 'माझं मन सांगतंय' एवढ्यावर भागवलं नाही. लोक विचारत होते ते सहा प्रश्न स्वतःच घेतले. अमेरिकेला का जाते? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? संकट आलं तर? आणि आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते मीच का करावं? एकेका प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं आणि एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या.

गोपाळरावांचा हट्ट यामागे होता, हे खरं. पण सभेत उभं राहून उत्तरं द्यायची हिंमत त्यांची स्वतःची. १८८६ मध्ये त्या एमडी झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षंही पुरी होण्याआधी, क्षयाने गेल्या. मग निर्णय चुकला का? मला तसं म्हणवत नाही. निर्णय आणि निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढं तरी आपल्याला पटायला हवं, कारण नीट अभ्यास करून केटी लागलेले आणि न करता पास झालेले, दोन्ही नमुने प्रत्येक विंगमध्ये आहेत! निर्णय घेताना हाताशी जे होतं, त्याचा प्रामाणिक विचार केला का, एवढंच आपल्या हातात असतं.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी 'आतून वाटेल' तेव्हा एक शंभर पानी वही काढा. तारीख टाका, काय वाटतंय ते लिहा, कशावरून वाटतंय ते लिहा आणि सहा महिन्यांनी उघडून बघा. कुठल्या बाबतीत आपलं मन खरं बोलतं आणि कुठल्या बाबतीत थापा मारतं, ते स्वतःच्याच अक्षरात दिसेल. धंदा सुचला असेल तर नोकरी सोडण्याआधी रविवारी फडके रोडला किंवा गोखले रोडला दहा अनोळखी माणसांना माल विकून बघा. दहा नकार पचवले तर मनाची शाळा सुरू झाली म्हणायची. आणि निर्णय आयुष्याचाच असेल, तर आनंदीबाईंचे सहा प्रश्न आपल्या भाषेत लिहून काढा आणि ज्याला तुमचा बेत मुळीच पटलेला नाही, अशा मित्रासमोर बसून त्यांची उत्तरं द्या.

घरच्यांनाही हाच नियम लावायला हरकत नाही बरं का! 'आम्हाला वाटतं तू सरकारी नोकरीच करावीस' हेही शेवटी वाटणंच आहे. आवाज न चढवता, आदराने विचारा, 'बाबा, कशावरून?' कदाचित त्यांच्याकडे तीस वर्षांचं उत्तर असेल. कदाचित नसेलही. पण निदान त्या रात्री घरात बोलणं तरी होईल.