डब्यातल्या गोळ्या

परवा बचत गटाच्या बैठकीत आमची एक सभासद, वय जेमतेम तीस, तासाभरात तीनदा उठून गेली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "मूळव्याध आहे ताई. दीड वर्ष झालं, रक्त पडतं." वजन उतरलेलं. घरात कुणाला पत्ता नाही. कंबरदुखीवर दुकानातून आणलेली गोळी मात्र रोज चालू. बळेच डॉक्टरांकडे नेलं. दुर्बिणीने तपासणी झाली आणि निदान निघालं अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा.

हा आजार आणि त्याचं भावंड क्रोन्स, दोन्ही पूर्वी श्रीमंत देशांचे मानले जात. आता ते भारतातही वाढताहेत. नेमकं एक कारण नाही. आनुवंशिकता, प्रतिकारशक्ती, आतड्यातले जिवाणू असा सगळा गुंता आहे. पण काही धोके आपल्या स्वयंपाकघरातच आहेत. भारतासह २१ देशांतल्या एक लाख सोळा हजार लोकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चिप्स, कोल्ड्रिंक, बिस्किटं असे कारखान्यातले पदार्थ जास्त खाणाऱ्यांत हे आजार अधिक आढळले. धूम्रपानाने क्रोन्सचा धोका वाढतो. लहानपणी वारंवार दिलेली अँटिबायोटिक्स, आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि थोड्या प्रमाणात गर्भनिरोधक गोळ्या यांचाही संबंध दिसला आहे. गोळी घेतली की आजार होतोच, असं नाही. डॉक्टर आम्हाला म्हणाले, "हिला गोळीमुळेच झालं असं सांगता येणार नाही, पण असलेला आजार ती उसळवू शकते."

अँटिबायोटिक्स आणि डायक्लोफेनॅक चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम आहे. काही अँटिबायोटिक्स देताना तर २०१४ पासून दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहावं लागतं. आमच्या गल्लीत मात्र "दोन अंगदुखीच्या द्या" एवढं पुरतं.

पण दोष एकट्या दुकानदाराचा नाही. आपण गोळी घेतो ती दुखणं बरं व्हावं म्हणून नव्हे, काम थांबू नये म्हणून! आडवं व्हायला सवड नाही आणि शौचाच्या तक्रारी बोलायच्या कशा, ही लाज. त्यात दीड वर्ष जातं.

मैत्रिणींनो, आज घरातला गोळ्यांचा डबा उघडा. उरलेली अँटिबायोटिक्स "पुढच्या वेळी" म्हणून ठेवू नका. डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंदही करू नका. आणि रक्त पडत असेल, जुलाब आठवडेच्या आठवडे थांबत नसतील, तर मूळव्याध म्हणून गप्प बसू नका. आमची ती मैत्रीण आता औषधांवर सावरतेय. गेल्या बैठकीला पूर्ण वेळ बसली होती.