विटांचे आरोग्य

तापीपलीकडे, जैनाबादेस, आहूखाना आहे. मोगलांचे हे मृगोपवन. जून १६३१ मध्ये मुमताजमहल बऱ्हाणपुरात निवर्तली, तेव्हा तिला प्रथम येथेच दफन करण्यात आले. डिसेंबरात तिचे पार्थिव आग्र्यास नेले. पाहुणे ही कथा ऐकून परततात, भिंतींकडे सहसा कोणी पाहत नाही. त्या भिंती विटा-चुन्याच्या आहेत आणि माझ्या मते शिकण्यासारखे आहे ते तेथेच.

चुन्यातून ओल सहज बाहेर पडते. भिंत जणू श्वास घेते. आपल्या शहरातील कित्येक जुन्या घरांची घडणही अशीच आहे. परंतु गिलावा झडला की आपण त्यावर सिमेंट थापतो. सिमेंट कठीण आणि ओल कोंडणारे. जमिनीतून चढलेले पाणी मग मऊ विटेतून वाट काढते, त्यातील क्षार तेथेच साठतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. काही वर्षे भिंत देखणी दिसते; रोग मात्र आत वाढत असतो.

लक्षण दाबल्याने रोग जात नाही, हे आपण डॉक्टर मंडळी रुग्णांस रोज सांगतो. चुन्याचे काम सावकाश मुरते, जाणते गवंडीही विरळ झाले आहेत, ही अडचण खरी. पण मागणीच नसेल तर कारागीर टिकावा कसा? जुन्या घरांत राहणाऱ्या आपण सर्वांनी पुढील डागडुजी चुन्यानेच करावी. अपाय न करणे हा आपल्या व्यवसायाचा पहिला धडा. तो घराच्या भिंतीसही लागू व्हावा, एवढीच विनंती.