गोठलेल्या मातीचा जमाखर्च

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सैबेरियातील याकुत्स्क या गावी फ्योदोर शेर्गिन नावाच्या एका व्यापारी कंपनीच्या कारभाऱ्याने पाण्यासाठी विहीर खणावयास घेतली. पाणी लागेना, कारण खाली येणारी माती दगडासारखी गोठलेली होती. खोदकाम वर्षानुवर्षे चालले, ११६ मीटरपर्यंत गेले, तरी गोठलेल्या जमिनीचा तळ काही लागला नाही. विहीर फसली, परंतु पृथ्वीच्या पाठीवर अशीही भूमी आहे की जी शेकडो फूट खोलवर कायमची गोठून राहिलेली आहे, ही गोष्ट त्या कोरड्या विहिरीने युरोपातील शास्त्रज्ञांना पटवून दिली. आज त्या भूमीसंबंधी नव्याने विचार करावयाचा तो अशासाठी की, तिला लावलेले ‘कायमची’ हे विशेषण तिच्या बाबतीत खरे राहील किंवा नाही, याचीच आता शंका वाटू लागली आहे.

सलग दोन वर्षे वा अधिक काळ शून्य अंश सेल्सिअसच्या वर न चढणारी जमीन ती चिरगोठित, अशी शास्त्राची व्याख्या आहे. उत्तर गोलार्धातील भूमीचा सुमारे १५ टक्के भाग या सदरात मोडतो. सैबेरिया, अलास्का, उत्तर कॅनडा हे तिचे मुख्य प्रदेश. आपल्याकडे माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ असा एक रकाना असतो व त्यातील आकडा बहुधा निराशाजनक असतो. ध्रुवीय प्रदेशात गोष्ट उलटी आहे. तेथे हजारो वर्षे उगवलेले गवत, शेवाळ, मुळे थंडीमुळे पुरती कुजलीच नाहीत. ती जागच्या जागी गाडली गेली. अशा रीतीने उत्तरेकडील या मातीत १४६० ते १६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन साठलेला आहे, असा अंदाज हवामानविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालात दिला आहे. संपूर्ण वातावरणात आज जेवढा कार्बन आहे, त्याच्या दीडपटीहून हा साठा अधिक आहे. निसर्गाने ठेवलेली ही मुदतीची ठेव. आणि १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत असल्यामुळे ती मुदतीपूर्वी मोडली जात आहे.

ती कशी मोडते हे समजून घेतले पाहिजे. उन्हाळ्यात वरचा थोडा थर वितळतो. त्यात वनस्पती वाढतात आणि हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड घेतात; त्याच थरातील सूक्ष्मजीव जुने अवशेष कुजवून तो वायू परत देतात. जमीन कोरडी व हवेशीर असेल तर कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. पाणी साचून प्राणवायू पोचेनासा झाला, की मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने वजनास वजन धरता मिथेनची उष्णता धरण्याची शक्ती कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७ पट आहे. पण याच मातीच्या वरच्या, कोरड्या थरात मिथेन खाऊन जगणारे जीवाणूही असतात. तेव्हा एकाच माळरानावर उंचवट्याची जमीन मिथेन शोषून घेते आणि दहा पावलांवरील दलदल तो सोडते, असे घडू शकते. नायट्रस ऑक्साइडकडे तर दीर्घकाळ कोणाचे लक्षच नव्हते. थंड मातीत नत्र बांधलेले असते, म्हणून हा वायू तेथे नगण्य मानला जाई. २००९ मध्ये युरोपीय रशियाच्या ईशान्येकडील टुंड्रात उघड्या पडलेल्या जुन्या, कुजट मातीतून तो मोठ्या प्रमाणात निघत असल्याचे आढळले. कार्बन डाय-ऑक्साइडच्या मानाने हा वायू सुमारे २७३ पट प्रखर आहे.

या देवघेवीत शिल्लक कोणाच्या बाजूला, हा खरा प्रश्न होय. टुंड्रा कार्बन साठविणारा प्रदेश आहे, असे पूर्वी गृहीत धरलेले होते. १९९३ मध्ये वॉल्टर ओशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्काच्या उत्तर उतारावरील मोजमापांवरून हा प्रदेश घेणारा न राहता देणारा झाल्याचे दाखविले, तेव्हा या गृहीतास पहिला मोठा धक्का बसला. पुढे तेथील उन्हाळी ग्रहण पुन्हा वाढलेलेही त्यांनाच दिसले. निसर्ग एका सरळ रेषेत चालत नाही, हेच त्यावरून सिद्ध होते. परंतु दरम्यान दुसरीच एक उणीव लक्षात आली. मोजमापे बहुतेक उन्हाळ्यातील होती; हिवाळ्यात माती निद्रिस्त असते असे मानून हिशेबाची पाने कोरी सोडली जात. प्रत्यक्षात वरचा व खालचा भाग गोठू लागला तरी मधला थर कित्येक आठवडे शून्य अंशाच्या आसपास रेंगाळतो आणि त्यात सूक्ष्मजीवांचे काम चालूच राहते. अलास्कातील टुंड्रात वर्षभराच्या मिथेनपैकी निम्मा किंवा अधिक सप्टेंबर ते मे या थंड महिन्यांत निघतो, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात चिरगोठित प्रदेशातून सुमारे १.६६ अब्ज टन कार्बन बाहेर पडतो आणि वाढीच्या हंगामात सुमारे १.०३ अब्ज टनच परत घेतला जातो, असा अंदाज २०१९ मध्ये मांडला गेला. वणवे जमेस धरता आर्क्टिक टुंड्रा आता कार्बनचा स्रोत झाला आहे, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सागर व वातावरण प्रशासनाने आपल्या २०२४ च्या आर्क्टिक अहवालात नमूद केला.

दक्षिण ध्रुवाकडील चित्र निराळे आहे. अंटार्क्टिकाची एक टक्क्याहूनही कमी भूमी बर्फाविना आहे आणि तीत सेंद्रिय द्रव्य अत्यल्प. तेथील काही जीवाणू हवेतील हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड यांच्या लेशांवर गुजराण करतात, असा विस्मयकारक शोध २०१७ मध्ये लागला. जगाच्या हिशेबात त्या मातीचे वजन फार नाही. प्रश्न आहे तो उत्तरेकडील मातीचा.

येथे एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. ‘मिथेनचा बॉम्ब’ आता फुटणार, अशी हाकाटी अधूनमधून केली जाते. ती साप म्हणून भुई धोपटण्यासारखी आहे. २०२१ च्या त्याच अहवालाप्रमाणे जगाचे तापमान एक अंशाने वाढण्यामागे या शतकाच्या अखेरीपर्यंत गोठलेल्या मातीतून कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपाने सुमारे १८ अब्ज टन कार्बन बाहेर पडेल. अंदाजाची कक्षा मात्र ३ पासून ४१ पर्यंत आहे. कोळसा, तेल व वायू जाळून मानवजात दरवर्षी सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत सोडते. म्हणजे मुख्य गुन्हेगार आपली धुराडीच आहेत. तथापि यावरून निश्चिंत होण्याचेही कारण नाही. धुराडे माणसाला बंद करता येते. वितळलेली माती पुन्हा गोठविण्याची कळ कोणाच्या हाती नाही. एकदा गेलेला हा कार्बन शतकानुशतके परत येत नाही. शिवाय ३ आणि ४१ यांमधील अंतर हे आपल्या अज्ञानाचे माप आहे. ज्या कर्जाचा आकडा चौदापटीने इकडेतिकडे होऊ शकतो, त्याला कोणताही शहाणा माणूस किरकोळ देणे म्हणणार नाही.

आणि हे कर्ज कोणाच्याच नावावर लिहिलेले नाही! १९९२ च्या हवामान करारान्वये राष्ट्रे जे वायूंचे हिशेब सादर करतात, त्यांत माणसाच्या व्यवस्थेखालील जमिनीचाच समावेश होतो. ओसाड टुंड्रा त्या व्याख्येत बसत नाही. साहजिकच तेथून निघणारा वायू रशियाच्या खात्यावर पडत नाही की कॅनडाच्या वा अमेरिकेच्या. निसर्गाचे देणे राष्ट्रांवर लादू नये, ही भूमिका तर्काला धरून असेल. पण ती माती निसर्गतः वितळत नसून आपण वाढविलेल्या उष्णतेने वितळत आहे. हवेला खाती समजत नाहीत, ती फक्त बेरीज करते. राष्ट्रांनी आपापले कागद बरोबर जुळवले आणि तरी तापमान वाढतच राहिले, तर त्या कागदांचा उपयोग काय?

या परिस्थितीत निदान मोजमाप तरी अखंड चालावे, ही अपेक्षा माफक आहे. तीही पुरी होत नाही. चिरगोठित भूमीचा सर्वांत मोठा वाटा रशियात आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर, मार्च २०२२ मध्ये आर्क्टिक परिषदेच्या उरलेल्या सात सदस्य राष्ट्रांनी तिचे काम थांबविले. ते पुढे मर्यादित स्वरूपात सुरू झाले, तरी रशियन संशोधन केंद्रे व पाश्चात्त्य शास्त्रज्ञ यांच्यातील देवाणघेवाण तुटली ती तुटलीच. ही केंद्रे वगळली तर उरलेल्या जाळ्यावरून आर्क्टिकचे खरे चित्र मिळत नाही, असे २०२४ च्या आरंभीच एका शास्त्रीय अभ्यासाने दाखवून दिले. आक्रमणाचा निषेध झालाच पाहिजे; परंतु तापमापकावर बहिष्कार टाकून कोणत्या आक्रमकाला शासन होते? शीतयुद्ध ऐन भरात असताना, १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात अमेरिका व सोव्हिएत रशिया यांचे शास्त्रज्ञ एका कार्यक्रमात काम करीत होते, आणि १९५९ मध्ये त्याच दोन राष्ट्रांसह बारा राष्ट्रांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या. तेव्हाच्या राजकारण्यांपाशी जेवढे तारतम्य होते, तेवढे आजच्यांपाशी असू नये, ही खेदाची गोष्ट होय.

भारताला या बाबतीत त्रयस्थ राहता येणार नाही. डिसेंबर १९८१ मध्ये पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम गोव्याच्या किनाऱ्यावरून निघाली. वास्को-द-गामा येथे राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र आहे. स्वालबार्डमधील न्यू-ऑलेसुंड येथे २००८ पासून ‘हिमाद्री’ हे आपले केंद्र आहे, २०१३ पासून आपण आर्क्टिक परिषदेचे निरीक्षक आहोत, आणि डिसेंबर २०२३ मध्ये आपली पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीमही रवाना झाली. ज्या ऋतूचे पान कोरे राहिले, त्याच ऋतूत आपली माणसे तेथे पोचली, हा योग दवडू नये. मातीतील वायूंचे बारमाही मोजमाप हे तेथील आपले ठरीव काम व्हावे आणि त्याचे आकडे जगाला खुले असावेत. रशियाशी व पाश्चात्त्यांशी एकाच वेळी बोलू शकणाऱ्या थोड्या देशांपैकी आपण एक आहोत. स्वस्त तेलासाठी हा संबंध वापरता येतो, तर तुटलेला शास्त्रीय संवाद जोडण्यासाठी का वापरू नये?

२०२२ मध्ये सरकारने जाहीर केलेल्या आर्क्टिक धोरणात संशोधन व पर्यावरण यांच्या जोडीला आर्थिक विकास व दळणवळण हेही स्तंभ आहेत. बर्फ वितळल्याने जहाजांना नवा मार्ग मिळतो, खनिजे हाती येतात, हे खरे. परंतु ज्या उष्णतेने हा मार्ग मोकळा होतो, तीच उष्णता जमिनीखालची ठेव मोडीत असते. श्रीमंत राष्ट्रांनी गेल्या दीडशे वर्षांत केलेल्या प्रदूषणाचा जाब आपण मागतो व तो योग्यच आहे. मात्र जाब मागणाऱ्याने स्वतःची वही चोख ठेवली पाहिजे. शेर्गिनला शंभर मीटरखालीही पाणी सापडले नाही, कारण माती गोठलेली होती. ती वितळल्यावर तिच्यातून काय काय बाहेर येते, हे निदान मोजून लिहून ठेवण्याचे कर्तव्य तरी आपल्या पिढीला टाळता येणार नाही.